एका टक्क्याची किंमत 37,800 रुपये: सलूनवाल्याच्या पायाचा दावा

एप्रिल 2023 मधला शेवटचा सोमवार. सलूनला सोमवारी सुट्टी, म्हणून सलूनवाले त्या दिवशी माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. काठी टेकत, मागे बायको आणि थोरला भाऊ. बायकोच्या हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी, तिच्यात हॉस्पिटलचे कागद. खुर्ची पुढे केली तेव्हा ते बसले, पण उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे काढून. गुडघा वाकत नव्हता.

"साहेब, हाताला काय झालेलं नाय. कात्री चालतीया. पण उभंच ऱ्हावंना."

पुढची सव्वादोन वर्षं सगळा दावा या वाक्याभोवती फिरला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वीसेक वर्षं उभा राहतोय; याच्यापेक्षा मोठ्या रकमेचे आणि जास्त हळहळ वाटावी असे पुष्कळ दावे पाहिले. पण नुकसानभरपाई नेमकी कशी ठरते, कुठे अडते आणि कुणाच्या चुकीने बुडते, हे समजवायला ज्युनिअरला मी हीच फाईल काढून देतो. नावं-गावं मुद्दाम गाळली आहेत. सातारा जिल्हा, एक बाजारगाव, तिथलं एका खुर्चीचं सलून आणि त्याचा 38 वर्षांचा मालक, इतकं पुरे.

17 नोव्हेंबर 2022 ची संध्याकाळ. ब्लेड, क्रीम, पावडर असा दुकानाचा माल घेऊन ते दुचाकीवरून तालुक्याहून घरी निघाले होते. मागून भाजीचे क्रेट भरलेलं पिकअप आलं, ओव्हरटेक करता करता समोरून उसाचा ट्रॅक्टर दिसला आणि ड्रायव्हरने गाडी डावीकडे दाबली. पिकअपची डावी बाजू दुचाकीच्या उजव्या लेगगार्डला लागली. गुडघ्याखालचं हाड सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत चिरत गेलं. दोन ऑपरेशनं, प्लेट आणि सात स्क्रू. पिकअपवाला थांबला, एका जीपमध्ये त्यांना उचलून ठेवायला हातही लावला आणि मग पसार झाला. जवळच्या गुऱ्हाळावरच्या एका कामगाराने मोबाईलवर त्या गाडीच्या मागच्या बाजूचा फोटो काढला होता. वेळ 6 वाजून 42 मिनिटं.

इथवर सगळं सरळ होतं. गुंता हॉस्पिटलच्या दारात झाला.

"गाडीवरून पडला"

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? थोरल्या भावाने सांगितलं, "गाडीवरून पडला." डॉक्टरांनी तसंच लिहिलं. पिकअपचा उल्लेख नाही, धडकेचा नाही.

असं का सांगितलं, हे मी भावाला त्याच सोमवारी विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ॲक्सिडेंट म्हणलं की पोलीस येणार, मग ऑपरेशन थांबणार, असं वाटलं. आणि ह्याचं लायसन पण संपलेलं." गावाकडचा हा समज फार जुना आहे. खरं तर जखमीवर उपचार करायला पोलिसांची वाट बघायची नसते. मोटार वाहन कायद्याचं 134 कलम ड्रायव्हरवर जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि डॉक्टरवर ते लगेच सुरू करण्याची जबाबदारी टाकतं. पण त्या घटकेला माणूस कलमं आठवत नाही, भीती आठवतो.

फिर्याद नोंदली गेली 28 नोव्हेंबरला, अकराव्या दिवशी, तीही बायकोने ठाण्यात तीन हेलपाटे घातल्यावर. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं 279 आणि 338 लागली. (आज तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 281 आणि 125 खाली नोंदला जाईल, 1 जुलै 2024 पासून आकडे बदलले, प्रकार तोच.) 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा सविस्तर अहवाल दाव्याचा अर्ज म्हणूनही धरता येतो. म्हणजे कागदावर बघितलं तर जखमीला वकिलाच्या दारात न येताही दावा उभा राहायला हवा. आमच्या फाईलीत एप्रिलअखेर यातला एकही अहवाल नव्हता. नियम उत्तम आहे. तो ठाण्यापर्यंत पोचायला अजून वेळ लागेल, असं माझं मत.

आणि मुदत डोक्यावर होती. 1994 ते 2022 पर्यंत या दाव्यांना मुदतच नव्हती. पाच वर्षांनी आला तरी अर्ज घेतला जायचा. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या 166 कलमात, म्हणजे भरपाईच्या अर्जाच्या कलमात, सहा महिन्यांची अट परत आली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. हातात तीन आठवडे उरले होते. (या अटीच्या वैधतेचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने, तूर्त केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम म्हणजे अंतरिम. त्या भरवशावर घरी बसू नये.) आम्ही 12 मे 2023 ला अर्ज दाखल केला. जोडीला फिर्याद, पंचनामा आणि डिस्चार्ज कार्ड, बस्स. अपंगत्वाचा दाखला तेव्हा नव्हता आणि मिळणारही नव्हता, कारण हाड जुळून पाय एका जागी स्थिरावल्याशिवाय तो देत नाहीत. पुष्कळ लोक या दाखल्याची वाट बघत बसतात आणि मुदत घालवतात. अर्ज आधी टाकायचा, कागद नंतर लावत जायचे.

टक्केवारीचा माणूस

माझ्याकडे येण्याआधी त्यांना एक एजंट भेटला होता. हॉस्पिटलच्या कँटीनमध्येच. "आता एक रुपया देऊ नका, निकाल लागला की तीस टक्के." एका कोऱ्या वकीलपत्रावर सहीही घेऊन गेला होता. आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत हिस्साही घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे साफ लिहिलंय. अमेरिकन मालिका बघून लोकांना वाटतं की अशीच पद्धत असते. ज्याच्याकडे फी द्यायला पैसे नाहीत त्याने तालुका विधी सेवा समितीत जावं. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्याला मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना तर उत्पन्नाची अटच नाही. 15100 या नंबरवर फोन केला तरी रस्ता सांगतात.

आमच्या अशिलाने माझी फी तीन हप्त्यांत दिली. आणि माझी दाढी दोन वर्षं फुकट करायची तयारी दाखवली, ती मी नम्रपणे नाकारली.

कंपनी काय म्हणाली

पिकअपच्या विमा कंपनीची लेखी कैफियत नेहमीच्या साच्यातली होती, पण त्यात चार दात खरे होते. एक, हॉस्पिटलच्या कागदावर "पडला" असं आहे. पिकअप नंतर घुसवलं. दोन, फिर्याद अकरा दिवस उशिरा. तीन, अर्जदाराकडे वैध लायसन्स नव्हतं आणि डोक्यावर हेल्मेटही नव्हतं, म्हणून निम्मी चूक त्याचीच. चार, हात शाबूत आहेत, दुकान चालू आहे, मग नुकसान कसलं?

तिसरा मुद्दा सगळ्यात सोपा. लायसन्स नसणं हा गुन्हा आहे, त्याचा दंड भरावा लागतो. पण त्यामुळे अपघात झाला असं सिद्ध झाल्याशिवाय जखमीची भरपाई कापता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालीच हे सांगितलंय. मागून येऊन ज्याने दाबलं त्याच्या चुकीत पुढच्याच्या खिशातलं संपलेलं लायसन्स काय भर घालणार? हेल्मेटचं तर मोडलेल्या गुडघ्याशी नातंच नाही. उशिराबद्दलही 2011 चा निकाल आहे: नातेवाईक आधी जखमीला वाचवायला धावतात, ठाण्यात नाही, त्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही. मात्र उशिराचं कारण सांगावं लागतं.

पहिला मुद्दा मात्र जड होता. असे दावे या एका शब्दावर पडलेले मी पाहिलेत. आम्ही तीन गोष्टी केल्या. भावाला साक्षीला उभं केलं आणि तो का घाबरला हे त्याच्याच तोंडून येऊ दिलं, लायसन्सच्या गोष्टीसकट. लपवायचं काही नव्हतं आणि लपवलं असतं तर उलटतपासात निघालंच असतं. दुसरं, गुऱ्हाळावरचा कामगार. पोलिसांनी त्याचा जबाब पहिल्यांदा घेतलाच नव्हता. त्याच्या फोनमध्ये तो फोटो अजून होता, कारण त्याच्या मते त्यात मावळतीचं आभाळ छान आलं होतं. तिसरं आणि सगळ्यात पक्कं म्हणजे आरटीओच्या निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल. पिकअपचा बंपर डाव्या कोपऱ्यात चेपलेला आणि दुचाकीच्या लेगगार्डवर पांढरा रंग लागलेला. पिकअप पांढरं, दुचाकी काळी. नुसता घसरून पडलेला माणूस दुसऱ्या गाडीचा रंग लेगगार्डवर कुठून आणणार?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. दाव्यात फक्त शक्यतेचं पारडं कुठे झुकतं हे बघतात. ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी दावा जिंकता येतो. ज्यांना हे ठाऊक नसतं ते "केस सुटली" ऐकून दावाही सोडून देतात.

पाय किती टक्के गेला?

सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाने दाखला दिला: उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व 32 टक्के. गुडघा जेमतेम 70 अंशांपर्यंत वाकतो, पाय दोन सेंटिमीटर आखूड. दाखला बघून अशील खट्टू झाले. दिव्यांगांच्या बहुतेक सरकारी सवलतींना 40 टक्के लागतात. "आठ टक्क्यानं हुकलं, साहेब," म्हणाले, जणू बारावीचा निकाल.

मी त्यांना सांगितलं, की सवलतीचे टक्के वेगळे आणि दाव्याचे वेगळे. त्यातही दाव्यात तीन निरनिराळे टक्के असतात आणि लोक तिन्हींची गल्लत करतात. पाय किती टक्के गेला, हा पहिला. त्यामुळे सबंध शरीर किती टक्के अधू झालं, हा दुसरा, आणि तो पहिल्यापेक्षा बराच कमी येतो. आणि या माणसाची त्याच्या धंद्यातली कमाई किती टक्के बुडाली, हा तिसरा. पैसे तिसऱ्यावर मिळतात. ऑक्टोबर 2010 च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं उदाहरण प्रत्येक ज्युनिअरला पाठ असतं: डावा हात तुटलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली; तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी कदाचित टिकेल. जखम तीच, भरपाई वेगळी.

कंपनीचं म्हणणं: पायाचे 32 म्हणजे शरीराचे फार तर 11. आणि न्हाव्याचं काम हाताचं, तेव्हा 11 सुद्धा जास्तच.

जानेवारी 2025 मध्ये अशिलांचा उलटतपास झाला. कंपनीचे वकील मुरलेले, शांत बोलणारे. त्यांनी विचारलं, "हल्ली सलूनमध्ये चाकाचं उंच स्टूल मिळतं, माहीत आहे?"

"व्हय. घेतलंय की. बावीसशेला."

मी मनात म्हटलं, गेलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग त्यावर बसून कटिंग करता येतं?"

"ल्हान पोराचं येतं. मोठ्या माणसाची दाढी पण जमती, खुर्ची मागं पाडून. पण कटिंगला साहेब, खुर्ची फिरती तरी कानामागची वळ बघायला मलाच फिरावं लागतंय. स्टूल घेऊन फिराय गेलो की गुडघा आडवा येतो, वाकत नाय ना. आणि मशीन मारताना वरनं दाब द्यायचा तर उभंच ऱ्हावं लागतं."

कठड्यात उभे राहून त्यांना वीसेक मिनिटं झाली होती. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि वजन डाव्या पायावर टाकलं. घाम आला होता. न्यायाधीशांनी विचारलं, "बसायचं आहे का?" शिपायाने खुर्ची दिली. मग साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं: "साक्षीदार सुमारे वीस मिनिटांनंतर उभा राहू शकला नाही, त्याला बसण्याची परवानगी दिली, अशी नोंद घ्या." साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल अशी नोंद घ्यायचा न्यायालयाला अधिकार असतो, फार कमी न्यायाधीश वापरतात. मी आजवर केलेल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा ती एक ओळ भारी ठरली.

मार्चमध्ये ऑपरेशन करणारे सर्जन आले. त्यांना मी टक्के विचारलेच नाहीत. विचारलं एवढंच: या गुडघ्यावर हा माणूस सलग किती वेळ उभा राहू शकेल? "अर्धा तास. पुढे सांध्याची झीज वाढेल तसा कमी."

वही

आता उत्पन्न. एका खुर्चीच्या सलूनचा ना हिशोब, ना आयकर विवरणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एका भाजीविक्रेत्याच्या दाव्यात म्हटलं होतं, की अशा माणसाकडे उत्पन्नाचा लेखी पुरावा मागणं व्यवहाराला धरून नाही, आणि महिना 6,500 रुपये गृहीत धरले होते. त्या भाजीविक्रेत्याचा पाय कापावा लागला होता. कमाईचं नुकसान न्यायालयाने 85 टक्के मानलं. हा निकाल आमच्या कामाचा होता. पण गृहीत धरलेला आकडा नेहमी कंजूष येतो, म्हणून आम्ही भिंतीवरच्या क्यूआरकडे वळलो. बँकेचा उतारा काढला: अपघाताआधीच्या चौदा महिन्यांत ऑनलाईन जमा दरमहा सरासरी 9,800 रुपये. उरलेले पैसे रोखीत, गल्ल्यात.

आणि मग बायकोने पिशवीतून शंभर पानी वही काढली. जानेवारी 2023 पासून त्यांनी दुकानात कारागीर ठेवला होता, निम्म्या बोलीवर: जितका गल्ला, त्याचा अर्धा त्याचा. भाडं, वीज, ब्लेड, क्रीम मालकाच्या अंगावर. रोज रात्री ती बाई गल्ला मोजून दोन रकाने लिहायची, "त्याचं" आणि "आपलं". कधी बाजूला "दूध 60" असंही. त्या वहीत महिन्याला साधारण 24,000 चा गल्ला दिसत होता. त्यातून 6,000 खर्च वजा जाता आधी घरात 18,000 यायचे; आता गल्ल्याचे निम्मे, म्हणजे 12,000, त्यातून तेच 6,000 खर्च, उरले 6,000. दुकान चालू आहे म्हणून नुकसान नाही, या कंपनीच्या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. खर्च मालकाचा तेवढाच राहिला आणि हात भाड्याचा झाला, म्हणजे दोनतृतीयांश कमाई गेली.

इथे माझी चूक सांगतो. मे 2023 मध्ये घाईत अर्ज टंकताना मी उत्पन्न 25,000 लिहिलं होतं. थोडं वाढवून लिहायची आम्हा वकिलांना सवयच आहे, मग न्यायाधीश साहेब कापून बरोबर आकड्यावर आणतात असा हिशोब. वही तेव्हा मी पाहिली नव्हती. उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी अर्ज आणि वही शेजारी ठेवले आणि विचारलं, यातलं खरं कोणतं? अशील गोंधळले. न्यायाधीशांनी शेवटी ना 25,000 धरले ना 18,000. वही अपघातानंतरची आहे आणि अर्जातला आकडा फुगवलेला आहे, असं म्हणून 15,000 धरले. ते तीन हजार माझ्यामुळे गेले. ते किती होतात, ते पुढे दिसेल.

साडेसहा लाख

मधे 2024 मध्ये एका राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीने साडेसहा लाख देऊ केले. अशिलांच्या डोक्यावर तेव्हा सोसायटीचं आणि पाहुण्यांचं मिळून तीन लाखांच्या वर कर्ज होतं. त्यांनी विचारलं, "घिऊन टाकू का, साहेब? हातात तरी येतील."

हा सल्ला देणं सगळ्यात अवघड. लोकअदालतीत झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. पण पैसे लवकर मिळतात, कोर्ट फी परत मिळते आणि दोन्हीकडची धाकधूक संपते. मी कितीतरी अशिलांना तिथेच घ्या म्हणून सांगितलंय. विनादोष भरपाईचा 164 कलमाचा मार्गही होता: गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही. पण ते घेतले की 166 खालचा दावा संपतो. मी कागद ओढला आणि त्यांच्यासमोर गणित मांडलं. वय 38, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यानुसार गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पटीने धरायची तो आकडा, 15. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगार, म्हणून त्याच न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार भविष्यातली वाढ 40 टक्के. जखमींनाही ती मिळते हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. उत्पन्न अगदी 15,000 धरलं तरी वाढ धरून 21,000, वर्षाचे 2,52,000, गुणिले 15 म्हणजे 37,80,000. याच्यावर अपंगत्वाचे टक्के लागणार.

"म्हंजे एका टक्क्याला सदतीस हजार आठशे?" त्यांनी माझ्याआधी हिशोब केला. दिवसभर गिऱ्हाईकांना सुट्टे पैसे मोजून देणारा माणूस.

"हो. कंपनी 11 टक्के म्हणते, मी 60 म्हणतोय. मधे कुठेतरी थांबेल."

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "थांबू."

निकाल

22 ऑगस्ट 2025. चूक पूर्णपणे पिकअप ड्रायव्हरची, अर्जदाराकडे काहीही नाही. कमाईचं नुकसान 40 टक्के. बसून थोडी दाढी-कटिंग होते आणि दुकानावर देखरेख ठेवता येते, म्हणून आमचे 60 मान्य नाहीत. पण न्हाव्याचं काम उभ्याचं आहे, म्हणून कंपनीचे 11 ही नाहीत. निकालात त्या वीस मिनिटांच्या नोंदीचा आणि वहीचा, दोन्हींचा उल्लेख होता.

37,80,000 चे 40 टक्के: 15,12,000. उपचाराची बिलं 2,86,450. आठ महिने त्यांचं स्वतःचं काम पूर्ण किंवा अर्धवट बंद, त्याचे 1,20,000. खुराक, जाणं-येणं, सोबतीचा माणूस मिळून 40,000. वेदना आणि यातना 1,00,000. आयुष्यातल्या गमावलेल्या साध्या सुखांचे 75,000. मांडी घालून जेवायला बसणं, यात्रेत चालणं, असं निकालपत्रात लिहिलं होतं. प्लेट काढायच्या ऑपरेशनला 60,000. एकूण 21,93,450. भविष्यातल्या ऑपरेशनची रक्कम सोडून बाकीवर अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के सरळव्याज, म्हणजे निकालाच्या दिवसापर्यंत साधारण 3,65,000.

आणि माझे ते तीन हजार: 18,000 धरले असते तर फक्त कमाईच्या नुकसानाचे 3,02,400 जास्त झाले असते. हा आकडा मी ज्युनिअरला फाईलीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलाय.

बिलांबद्दलही थोडं. खरा खर्च सव्वातीन लाखांच्या पुढे गेला होता. ब्लड बँकेची पावती हरवली, फिजिओथेरपिस्टने कधी दिलीच नाही, आणि मेडिकलच्या काही पावत्यांवर पेशंटचं नावच नव्हतं. त्या साहेबांनी वगळल्या. नाव, तारीख, शिक्का आणि डॉक्टरांची चिठ्ठी, चारही असतील तरच पावती पावती असते.

भरपाई पिकअपचा मालक आणि विमा कंपनी दोघांनी मिळून किंवा वेगवेगळी द्यायची, म्हणजे प्रत्यक्षात कंपनीने. अपिलाला 90 दिवस असतात. ते संपेपर्यंत मी अशिलांना कर्जवाल्यांना तारीख देऊ नका म्हणून बजावलं होतं. कंपनीने अपील केलं नाही. डिसेंबरमध्ये रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा झाली. दहा लाख तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत, बाकी थेट त्यांच्या बँक खात्यात. अशी ठेव लोकांना आवडत नाही, पैसा आपला आणि कुलूप कोर्टाचं असं वाटतं. पण निकालानंतर महिनाभरात उगवणारे भाचे आणि भागीदार मी पाहिलेत.

जानेवारीतल्या एका सोमवारी दोघं पेढे घेऊन आले. काठी तशीच होती. दुकानात आता दोन खुर्च्या, दोन कारागीर. हे स्वतः लहान मुलांचे केस कापतात, स्टुलावर बसून. निघताना बाई दारात थांबल्या.

"साहेब, ती वही मिळंल का परत? पहिल्या कारागिराचं दिवाळीचं देणं त्यात लिवलेलं हाय. तो बावीसशे म्हणतोय, मला सतराशे आठवतंय."

वही आता निशाणी 41 आहे, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाच्या ताब्यात. परत मिळवायला अर्ज करावा लागतो. केलाय. पुढच्या महिन्याची तारीख पडली आहे.